कुकरची शिट्टी आणि चिंगी

आमच्या कुत्रीचा, चिंगीचा, जन्म जानेवारीतला, जुन्नरजवळच्या माझ्या मामेभावाच्या शेतावरचा. तिची आई गोठ्यामागे व्यायली होती. मार्चमध्ये गव्हाची मळणी सुरू झाली तेव्हा ही दोन महिन्यांची होती. मळणीयंत्र चालू असलं की शेजारच्या माणसाशी बोलायलाही ओरडावं लागतं. त्या गदारोळात ही काडाच्या ढिगावर आईला चिकटून गाढ झोपलेली मी स्वतः पाहिली आहे.

मेच्या मध्यावर, चार महिन्यांची झाल्यावर, ती पुण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरणभाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि चिंगी जागच्या जागी उडाली. फरशीवर नखं घसरवत पलंगाखाली शिरली आणि तिथूनच भुंकत राहिली. कुकर उतरवून अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. मामीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, आमच्याकडं ढग गडगडले तरी ही उठत नव्हती!"

मळणीयंत्राशेजारी झोपणारं पिल्लू कुकरच्या शिट्टीला का घाबरावं? हा प्रश्न मला सोडेना. आवाज किती मोठा आहे याकडेच आपलं लक्ष जातं, पण लहान कुत्र्याच्या बाबतीत मोठेपणा हा उत्तराचा फार छोटा भाग आहे. तो आवाज त्याने कोणत्या वयात पहिल्यांदा ऐकला, किती अचानक ऐकला आणि ऐकल्यानंतरच्या काही क्षणांत काय घडलं, यावर बाकीचं पुष्कळसं ठरतं. त्यातला शेवटचा भाग बराचसा आपल्या हातात असतो.

कान उघडतात तेव्हा

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात हे सगळ्यांना दिसतं. कानही बंद असतात, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कानाची नळी साधारण दोन आठवड्यांनी उघडते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला शेजारी ताट पडलं तर पिल्लू आयुष्यात पहिल्यांदा दचकतं.

तिथून पुढचे काही आठवडे फार मोलाचे असतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीवर अनेक वर्षं काम केलं. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन जगाशी ओळख करून घ्यायला उघडं असतं, हे त्या कामातून पक्कं झालं. या काळात जे रोज भेटतं ते 'नेहमीचं' ठरतं, मग तो माणूस असो, गाय असो की पाण्याची मोटर. सुरुवातीला कुतूहल जास्त आणि भय कमी असतं. पाचव्या आठवड्यापासून भय हळूहळू वाढायला लागतं आणि पुढे कधीतरी पारडं फिरतं. त्याच प्रयोगशाळेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवासच मिळू दिला नव्हता. ती पिल्लं नंतर माणसाजवळ यायला तयार होईनात. तो प्रयोग माणसांच्या ओळखीबद्दलचा होता, पण जमीन, वास, आवाज यांच्या ओळखीलाही हेच वय महत्त्वाचं असतं.

चिंगीचं कोडं इथे निम्मं सुटलं. तिच्या त्या आठवड्यांत ट्रॅक्टर होता, मोटर होती, मोर होते, मळणी होती आणि शेजारी निवांत पडलेली आई होती. मामीचा स्वयंपाक चुलीवर आणि घराच्या आत व्हायचा, गोठ्यामागे त्यातलं काही पोचत नव्हतं. कुकर, दाराची बेल, लिफ्टचं जाळीचं दार, मिक्सर हे सगळं तिला ही ओळखीची खिडकी बंद झाल्यावर भेटलं, तेही एकाच आठवड्यात आणि आई जवळ नसताना.

इथे एक अडचण येते आणि ती खरी आहे. बरीच पिल्लं दोन महिन्यांनंतर घरी येतात. लसी पूर्ण होईपर्यंत त्यांना बाहेर नेऊ नका, असं सांगितलं जातं. पार्व्हो हा आजार आपल्याकडे सर्रास आढळतो, तेव्हा ही काळजी योग्यच आहे. पण लसीकरण पूर्ण होईपर्यंत ओळखीचं वयही सरून जातं. त्यावर उपाय साधा आहे. पिल्लाला जमिनीवर सोडायचं नाही, कडेवर किंवा पिशवीत घेऊन फिरायचं. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभं राहायचं. घंटागाडी, शाळा सुटल्याचा गलका, दुकानाचं शटर हे सगळं त्याला आपल्या कुशीतून ऐकू द्यायचं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली हेच म्हटलं होतं: पहिली लस होऊन आठवडा झाला की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाची जगाशी ओळख सुरू करावी, सगळ्या लसींसाठी थांबू नये.

तिला काय ऐकू येतं

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. कुत्र्याच्या कानांची वरची मर्यादा सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत जाते. अगदी खालच्या पट्टीत मात्र माणूसच सरस आहे, कुत्र्याचं ऐकणं साठ-पासष्ट हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. म्हणजे कुत्र्याला सगळंच आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं असं नाही. उंच, चिरका, सळसळता आवाज त्याला जास्त ऐकू येतो. कुकरच्या अरुंद भोकातून दाबाखाली वाफ सुटते तेव्हा तिच्या फुत्कारात आपल्या कानांपलीकडच्या पट्टीतला आवाजही असतो. आपल्याला नुसती शिट्टी ऐकू येते, तिला त्याहून पुष्कळ काही ऐकू येतं.

दुसरी गोष्ट मला अनपेक्षित होती. आवाज नेमका कुठून आला हे ओळखण्यात माणूस कुत्र्यापेक्षा बराच पुढे आहे. आपल्याला सुमारे एका अंशाचा फरक कळतो, कुत्र्याला आठ अंशांच्या आसपासचा. म्हणून ते मान तिरकी करतं, कान फिरवतं, दोन पावलं पुढे जाऊन थांबतं. बंद घरात भिंतींवरून आवाज परतत असतो, तिथे हे काम आणखी अवघड होतं. वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची ओढली की चिंगी कधी खिडकीकडे बघून भुंकते, कधी कपाटाकडे. तिला आवाज ऐकू आलेला असतो, पण त्याचं ठिकाण सापडत नसतं. ज्याचं ठिकाण सापडत नाही त्याची धास्ती जास्त असते.

घरातल्या काही आवाजांकडे आपलं लक्षच नसतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं, की धुराचा इशारा देणाऱ्या यंत्राची बॅटरी संपत आल्यावर येणाऱ्या अधूनमधूनच्या चिरक्या 'टीं' आवाजाने कुत्री अस्वस्थ होतात, आणि मालकांना त्या अस्वस्थतेचा अंदाज बऱ्याचदा येत नाही. आपल्या घरांत ती यंत्रं कमी असतात. पण इन्व्हर्टर दिवे गेल्यावर असाच चिरकतो, दार नीट न लागलेला फ्रिजही. कुत्रं उगाचच धापा टाकतंय, सारखं ओठ चाटतंय असं वाटलं, तर खोलीत दोन मिनिटं गप्प बसून कान द्यावा.

दचकणं विचाराच्या आधी होतं

अचानक आवाज झाला की कानातून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात जातो आणि तिथून थेट मणक्यातून स्नायूंकडे. विचार करणारा मेंदू या वाटेवर येतच नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत पहिले स्नायू सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास आवळलेले दिसतात. मान आखडते, डोळे मिटतात, अंग गोळा होतं. प्रत्येक सस्तन प्राण्यात ही सोय आहे. पाठीवर झेप पडायच्या आत अंग सावरलं जावं म्हणून ती आहे.

या वाटेला धक्का देतो तो आवाजाचा अचानकपणा. मळणीयंत्राचा आवाज मोठा असला तरी तो चढत जातो आणि मग सलग राहतो. शिट्टी शांततेतून फुटते, थांबते आणि पुन्हा केव्हा फुटेल हे कळत नाही. सुतळी बॉम्ब, पडलेलं भांडं, आपटलेलं दार यांची जात हीच.

म्हणून दचकल्याबद्दल कुत्र्याला रागावणं म्हणजे डोळ्यांत धूळ गेल्यावर पापणी मिटली म्हणून रागावण्यासारखं आहे. मात्र दचकण्याचा जोर कायम एकच नसतो. भीतीचं काम बघणारा अमिग्डला नावाचा मेंदूचा भाग या वाटेला वरून ताण देतो. आधीच भेदरलेला प्राणी त्याच आवाजाला जास्त जोरात दचकतो. झोप अपुरी झालेलं, दुखत असलेलं, नवख्या घरातलं पिल्लू याच अवस्थेत असतं. पिल्लाला दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते. पाहुण्यांच्या गडबडीत ती मोडली, की संध्याकाळी साध्या चमच्याच्या आवाजालाही ते उडतं.

दचकल्यानंतर या प्रतिक्षिप्त क्रियेची जागा दुसरी गोष्ट घेते. कान उभे होतात, मान वळते, 'काय आहे ते?' असा सगळ्या अंगाचा प्रश्न होतो. इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर काम करताना या क्रियेला जवळपास हेच नाव दिलं होतं: 'हे काय' प्रतिक्रिया. पुढचे दोन-तीन सेकंद निर्णयाचे असतात. धोका नाही असं दिसलं तर अंग सैल पडतं, शेपूट खाली-वर होते, पिल्लू अंग झाडून पुढे जातं. मी ज्या पशुवैद्यांकडे चिंगीला नेते त्या मला म्हणाल्या, "ती किती दचकते ते मोजू नका. किती वेळात सावरते ते मोजा." तेव्हापासून मी वहीत वेळ लिहायला लागले.

भुंकून ती काय म्हणते

भुंकणं एकाच अर्थाचं नसतं. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठात पेटर पोंग्राट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुडी जातीच्या कुत्र्यांचं वेगवेगळ्या प्रसंगांतलं भुंकणं ध्वनिमुद्रित केलं आणि माणसांना नुसतं ऐकवलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, कधी कुत्रं न पाळलेल्या माणसांनाही प्रसंग बऱ्यापैकी ओळखता आला. अनोळखी माणसावरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं आणि भराभर येणारं होतं. एकटं सोडल्यावरचं उंच आणि मध्ये मोठं अंतर ठेवणारं.

हे घरी करून बघता येतं. डोळे मिटून ऐका. घोगरं, घाईघाईचं, एकामागून एक असेल तर ती इशारा देते आहे: 'कोणीतरी आहे, जागे व्हा आणि तू जवळ येऊ नकोस.' एकच 'भू' आणि मग शांतता असेल, तर प्रश्न विचारते आहे. उंच आणि लांबत जाणारं असेल तर तिला सोबत हवी आहे. या तिन्हींवर एकच उपाय करून चालत नाही.

भुंकण्यात भरीला एक बक्षीसही दडलेलं असतं. कुरिअरवाला येतो, ती भुंकते, तो पाकीट देऊन निघून जातो. त्याला जायचंच होतं, हे तिला कसं कळणार? तिच्या हिशेबात भुंकल्यामुळे धोका टळला. दिवसातून तीनदा, महिनाभर हा हिशेब बरोबर येत राहिला तर भुंकणं पक्कं होणारच. त्यात आपण आतून "गप्प बस!" असं ओरडलो तर तिला घरातला मोठा माणूसही दाराकडे बघून आवाज चढवताना दिसतो. मग संकट खरंच आहे अशी तिची खात्री होते.

सातव्या महिन्यात सगळं उलटं

जुलैअखेर चिंगी कुकरच्या पहिल्या शिट्टीला नुसती मान उचलण्यापर्यंत आली होती. ऑगस्टमध्ये, सात महिन्यांची झाल्यावर, ती एकदम मागे गेली. शिट्टी तर होतीच, शिवाय रोज पाहिलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने फडफडली तरी भुंकू लागली. मी फार निराश झाले होते.

सहाव्या महिन्यापासून वर्ष-दीड वर्षापर्यंत कुत्र्याचं वयात येणं चालतं. न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्यूसी अॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवलं, की पाच महिन्यांची कुत्री मालकाने 'बस' म्हटल्यावर जितकं ऐकत होती, त्यापेक्षा आठ महिन्यांची झाल्यावर कमी ऐकत होती. अनोळखी माणसाने तेच सांगितलं तर मात्र ऐकण्यात अशी घट नव्हती. घरोघरच्या सोळा वर्षांच्या मुलांच्या आयांना हे वेगळं सांगायला नको. या वयात काही आठवडे भीतीही नव्याने डोकं वर काढते, असा कुत्र्यांना शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे. पहिल्या ओळखीच्या काळाइतका त्याचा पक्का अभ्यास झालेला नाही, पण चिंगीच्या बाबतीत तो अनुभव तंतोतंत खरा ठरला.

या काळात कुत्रं बिघडलं असं समजून कडक वागण्याकडे कल होतो. नेमका तिथे घात होतो. या वयात बसलेले धक्के दीर्घकाळ टिकू शकतात. त्यामुळे या दिवसांत नवं काही शिकवण्यापेक्षा तिचे दिवस सोपे करणं, फिरायची वेळ गर्दीआधीची ठेवणं आणि शिकवणीत दोन पायऱ्या मागे येणं मला जास्त उपयोगाचं वाटलं.

'होईल सवय आपोआप'

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक आहे. सौम्य आवाज पुन्हापुन्हा झाला, त्यातून वाईट काही निष्पन्न झालं नाही आणि पिल्लू मुळात शांत असलं, तर सवय होते. पंखा, वॉशिंग मशीन, भाजीवाल्याची हाक यांची अशीच होते. पण आवाज सहनशक्तीच्या पलीकडचा असेल, पळायला जागा नसेल, तर प्रत्येक वेळी प्रतिक्रिया वाढत जाते. मग भीती पसरते. आधी फटाका, मग फटाक्यासारखी दुचाकी, मग ती दुचाकी जिथे ऐकली तो रस्ता. कुत्र्याला गॅलरीत बांधून 'ऐकू दे, धीट होईल' असं करणारे लोक प्रेमळ असतात, पण बांधलेल्या प्राण्याला दूर जाता येत नाही आणि त्याच्यापाशी उरलेला एकमेव उपाय भुंकणं हाच असतो.

फिनलंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १३,७०० पाळीव कुत्र्यांच्या पाहणीत आवाजाची भीती ही सगळ्यांत जास्त आढळलेली तक्रार होती, ३२ टक्के कुत्र्यांत. जातींनुसार प्रमाण वेगवेगळं होतं, म्हणजे यात अनुवंशाचाही वाटा आहे. एकाच वेतातली दोन भावंडं एकाच घरात वाढली तरी एक दार आपटल्यावर उठत नाही आणि दुसरं सोफ्यामागे जातं. त्यात कोणाच्या संगोपनाचा दोष नसतो.

जवळ घ्यायचं की नाही

'घाबरल्यावर लाड केले तर भीती वाढते' असं मला तीन जणांनी सांगितलं. हे चूक आहे, आणि या समजापायी असंख्य कुत्र्यांनी दिवाळीच्या रात्री एकट्याने काढल्या आहेत म्हणून मला ते ठासून सांगावंसं वाटतं. बक्षिसाने वाढते ती कृती. भीती ही भावना आहे, ती कुरवाळल्याने वाढत नाही. घाबरलेली कुत्री आपल्याजवळ आली तर तिला येऊ द्यावं, हळू आवाजात बोलावं, पाठीवर हात ठेवावा. मात्र पलंगाखालून ओढून मांडीवर घेऊ नये. तिला लपायचं असेल तर ती लपण्याची जागाच तिचा आधार आहे.

भीती ओळखण्यासाठी शेपटीपलीकडेही बघावं लागतं. कान मागे चिकटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, झोप आलेली नसताना जांभया, उकाडा नसताना धाप, पुढचा एक पाय उचलून धरणं. आणि सगळ्यांत विश्वासाची खूण म्हणजे आवडता तुकडा समोर असूनही तोंड फिरवणं. जे कुत्रं खात नाही ते त्या क्षणी काही शिकूही शकत नाही.

कुकर आणि बेल

आम्ही काय केलं ते सांगते. तत्त्व एकच आहे: तिला भीती वाटणार नाही इतका लहान आवाज आणि त्याच्या पाठोपाठ तिचं सर्वांत आवडतं खाणं. पाठोपाठ हा शब्द महत्त्वाचा आहे. आधी आवाज, मग तुकडा. उलटा क्रम झाला तर डबा उघडण्याचा आवाजच संकटाची सूचना बनतो.

खाणं म्हणजे उकडलेलं चिकन किंवा पनीर, करंगळीच्या नखाएवढे तुकडे. फोडणीचं, कांदा-लसूण घातलेलं काही नको. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट तर कुत्र्याला विषच.

कुकरची शिट्टी मी फोनवर ध्वनिमुद्रित केली. पहिल्या आठवड्यात ती शेवटच्या खोलीत, आपल्याला जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात लावली. शिट्टी, तुकडा. शिट्टी, तुकडा. पाच वेळा झालं की बंद, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी शिट्टी वाजताच ती आवाजाकडे न बघता माझ्या हाताकडे बघू लागली. मला वाट बघायची होती ती याच क्षणाची. मग आवाज थोडा वाढवला. खऱ्या कुकरच्या वेळी घरातलं कोणीतरी तिला दूरच्या खोलीत दार लावून बसवायचं, पंखा पूर्ण वेगात ठेवायचा आणि प्रत्येक शिट्टीला चार-पाच तुकडे जमिनीवर पसरायचे. हुंगून शोधण्यात तिचं डोकं खाली जायचं, श्वास बदलायचा. ऑगस्टमधल्या घसरणीनंतर हे पहिल्या पायरीपासून पुन्हा केलं, आणि दुसऱ्यांदा ते निम्म्या वेळात झालं.

फोनच्या छोट्या स्पीकरला एक मर्यादा आहे. खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज त्यातून येतच नाही. शिट्टीला, बेलला तो पुरतो. ढगांच्या गडगडाटाला पुरत नाही, शिवाय खऱ्या वादळात वीज असते, वारा असतो, हवेचा दाब बदलतो. त्यामुळे फोनवरचा गडगडाट ऐकून शांत राहणारं कुत्रं वळवाच्या पावसात शांत राहीलच असं नाही.

दाराच्या बेलसाठी वेगळी युक्ती केली. दारापासून लांब, बैठकीच्या कोपऱ्यात एक जुनी सतरंजी टाकली. बेल वाजली की सतरंजीवर तुकडे पडतात, हा नियम. आधी घरातल्याच कोणी बेल वाजवायची, बाहेर कोणी नसताना. ती भुंकली तर मी दारापर्यंत जाते, बाहेर बघते, "पाहिलं हं," असं रोजच्या स्वरात म्हणते आणि सतरंजीकडे चालू लागते. तिने दिलेली सूचना पोचली, आता पुढचं मी बघते, एवढंच त्यातून सांगायचं असतं. एकदोनदा भुंकून ती माझ्यामागे येते. पूर्ण गप्प बसावं अशी माझी अपेक्षाही नाही. दाराशी कोणी आलं की सांगणं हे तिच्या जातीचं हजारो वर्षांचं काम आहे.

मार देणं, गळ्यातली साखळी खेचणं, विजेचा झटका देणारे पट्टे यांबद्दल एकच सांगते. बेलनंतर वेदना झाली तर बेल खरोखरच वाईट ठरते. भुंकणं कदाचित थांबेल, भीती आत वाढेल, आणि इशारा द्यायला घाबरणारं कुत्रं एक दिवस इशारा न देता चावेल.

ढोल आणि दिवाळी

गणपतीतल्या ढोलपथकांचा आवाज कानांइतकाच छातीतही जाणवतो, आणि तो तुकड्यांनी झाकता येत नाही. मिरवणुकीच्या दिवशी आम्ही चिंगीला गावाबाहेर नेलं. ज्यांना शक्य आहे त्यांनी दूर जाण्यात कमीपणा मानू नये.

रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, असं ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात. फटाक्याला मात्र चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. तेव्हा तयारी आपणच करावी लागते. फिरणं दुपारी चारच्या आत उरकायचं आणि पट्टा दुहेरी बांधायचा. फटाक्यांच्या रात्री घाबरून पळालेली कुत्री हरवतात, म्हणून गळ्यात फोन नंबर असलेला बिल्ला हवा. घरातली सर्वांत आतली खोली, खिडक्यांवर जाड चादरी, पलंगाखाली तिचं अंथरूण, कूलर किंवा पंख्याचा सलग आवाज, पाणी आणि दार थोडं उघडं. प्रत्येक फटाक्यानंतर लगेच तुकडा किंवा चेंडू. बर्नच्या संशोधक स्टेफनी रीमर यांच्या २०२० सालच्या पाहणीत १,२२५ मालकांनी उत्तरं दिली होती. आवाज होताच खाऊ किंवा खेळ देण्याचा उपयोग झाला, असं ते करून पाहिलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं. वनौषधी, होमिओपॅथी, फुलांचे अर्क यांचा उपयोग झाला म्हणणारे २७ ते ३५ टक्के होते, म्हणजे नुसतं पाणी दिलं तरी जितके म्हणतील तितकेच.

डॉक्टरांकडे कधी

पिल्लू एका आवाजानंतर तासभर सावरत नसेल, दिवसभर खात नसेल, स्वतःला इजा करत असेल तर शिकवणीच्या जोडीला औषध लागतं. ते देण्यात कसलीही हार नाही. दिवाळीसाठी हवं असेल तर दोन-तीन आठवडे आधी जावं, म्हणजे शांत दिवशी त्याची चाचणी घेता येते. नुसती गुंगी आणून हातपाय ढिले करणारं औषध पुरेसं नाही, त्यात कुत्रं हलत नाही पण घाबरलेलं राहतं. भीती कमी करणारी औषधं वेगळी आहेत, डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारावं.

आजवर शांत असलेलं कुत्रं अचानक आवाजाला घाबरू लागलं तर आधी दुखणं शोधावं. २०१८ साली इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या आणि ब्राझीलच्या संशोधकांनी आवाजाला घाबरणारी वीस कुत्री तपासली. ज्यांच्या सांध्या-स्नायूंत वेदना होती त्यांची भीती उशिरा, वाढत्या वयात सुरू झाली होती. दचकल्यावर स्नायू आवळतात, दुखरा भाग कळवळतो, आणि आवाज म्हणजे वेदना असं समीकरण बसतं. कानाचा संसर्गही तपासून घ्यावा. लस न झालेलं कुत्रं एकाएकी आवाजाला, उजेडाला अतोनात बिचकू लागलं, वागणं बदललं, लाळ गळू लागली, तर मात्र जवळ जाऊ नये. ती रेबीजची लक्षणं असू शकतात, तिथे ताबडतोब पशुवैद्यांना कळवायचं. असं कुत्रं चावलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जागा साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठायचा.

चिंगी आता अकरा महिन्यांची आहे. कुकर लावला की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन बसते आणि प्रत्येक शिट्टीनंतर माझ्याकडे बघते. वहीत शेवटची नोंद कालची आहे: शिट्टी, दोन सेकंद. लिफ्टचं जाळीचं दार, चाळीस सेकंद, अजून भुंकते.